कुंचीची आतली बाजू

पत्र्याच्या डब्यात आम्ही होतो ते असे : सुया अकरा, त्यांतल्या दोन गंजलेल्या, रेशमाच्या लडी सहा, कात्री एक, अंगुस्तान एक, तेही चेपलेलं, आणि मी.

मित्रांनो, मी भरतकामाची जुनी लाकडी रिंग आहे. एक कडं आत, एक बाहेर, दोन्हींमध्ये दाबून ताणलेलं कापड आणि आवळायला पितळी स्क्रू. इतक्या साध्या वस्तूला मतं नसावीत असं लोकांना वाटतं. मला आहेत, आणि ती लोकांबद्दल फारशी चांगली नाहीत.

घाटकोपरच्या बाजारातून जयंतीने मला आणलं तेव्हा ती कॉलेजात होती. कापड घसरू नये म्हणून तिने माझ्या आतल्या कड्याला सुती पट्टी गुंडाळली. मुलुंडच्या तिच्या इमारतीत धारवाडच्या एक काकू राहत. त्या तिला कसुती शिकवत. कसुतीत कापडावर आधी चित्र काढून घेत नाहीत. कापडाचे धागे मोजायचे आणि टाका घालायचा. मी कापड ताणून धरते, म्हणून ते मोजता येतात. गाठ मारायची नाही. जाताना एक टाका घालायचा, एक गाळायचा. येताना गाळलेले भरायचे. मग दोन्ही बाजू सारख्या दिसतात. जयंतीचं काम हातात घेतलं की काकू आधी ते पालथं करत. "पुढून काय, सगळ्यांचंच छान दिसतं," म्हणत.

भावाच्या मुलाच्या, म्हणजे मुकुलच्या बारशाला जयंतीने माझ्यावर कुंची भरली. कुंची म्हणजे बाळाच्या डोक्यावरून पाठीपर्यंत येणारी टोपी. त्यांच्याकडे ती आत्याने आणायची असते. तेव्हा सगळ्यांनी माझंही कौतुक केलं. मग जयंतीला नोकरी लागली आणि मी माळ्यावर गेले. धूळ खाण्याचं दुःख झालं नाही. खाली उतरल्यावर जे पाहिलं, त्यापेक्षा माळा बरा होता.

मला खाली उतरवलं जान्हवीने. ही मुकुलची धाकटी बहीण, पवईला ऑफिसात असते. ती मला अंधेरीच्या एका वर्गाला घेऊन गेली. दाराशी पाटी होती : 'एक दुपार, पाच राज्यं'. पंजाबच्या बायका फुलकारी उलट्या बाजूने भरतात, सुलट बाजू न पाहता. इथे ती छापील फुलावर पुढून भरली. लखनौच्या चिकनकारीत मागून घातलेल्या टाक्यांची सावली पुढे उमटते. इथे सावलीऐवजी राखाडी दोरा दिला. कच्छी आरशाला टाक्यांची चौकट लागते. इथे आरसे डिंकाने चिकटवले, त्यातला एक माझ्या कडेलाही चिकटला. टाक्यांपेक्षा फोटो जास्त निघाले. कोणीतरी विचारलं, "मागे गाठी दिसतायत, चालेल ना?" शिकवणारी म्हणाली, "मागे कोण बघतंय यार? अस्तर लावा, विषय संपला!" सगळ्या हसल्या. जान्हवीही हसली. एवढ्या बायकांना एकाच वेळी तुच्छ मानण्याची माझी ती पहिलीच खेप.

पुढे मुकुलला मुलगी झाली. आता आत्या जान्हवी होती. कुंची मी स्वतः भरणार, असं तिने सगळ्यांना सांगून टाकलं, आणि बारशाच्या आदल्या आठवड्यात तयार कुंची घेऊन जयंतीकडे आली. लाल मऊ सुती कापड, पांढरं रेशीम, आतून गुळगुळीत अस्तर.

जयंतीने कुंची पालथी केली. "अस्तर कशाला गं?"

"फिनिशिंग, आत्या."

"फिनिशिंग की पांघरूण?" जयंतीने कात्रीने अस्तर उसवलं. आत गाठीच गाठी होत्या, आणि एका नक्षीवरून दुसरीकडे आडव्या उड्या मारलेले दोरे. तिने ती बाजू मिटलेल्या पापणीवरून फिरवली आणि चेहरा वाकडा केला. "अस्तरातून टोचतंय की नाही हे त्या पोरीच्या डोक्याला कळणार. ती सांगणार कशी? रडेल, आणि तुम्ही म्हणाल, भूक लागली."

"वाट लागली," जान्हवी खाली बसली. "ऑनलाइन मागवू का? उद्या येईल."

"मागव ना. नावसुद्धा ऑनलाइनच ठेव."

जान्हवी रडेल असं मला वाटलं. ती रडली नाही. तिने नवं कापड माझ्यात अडकवलं आणि विचारलं, "दोरा मध्येच अडकतो, परत येताच येत नाही. माझं काय चुकतं?"

"नक्षीला फांदी फुटली की आधी फांदीवर जा, तिथूनच मागे ये, मग खोड पुढे ने. मोठ्या रस्त्याने धावलीस की गल्ल्या राहून जातात. मग मारतेस उडी."

ती रोज ऑफिसातून मुलुंडला येत राहिली. तिने उसवलं किती आणि भरलं किती, हे सांगून मी तिची आणखी शोभा करणार नाही. नक्षीतल्या एका तुळशी वृंदावनाचा चौथरा एका धाग्याने तिरका आहे, तो मात्र मी विसरणार नाही. शेवटची नक्षी बारशाच्या सकाळी, बोरिवलीला मुकुलच्या बायकोच्या, रुचिराच्या माहेरी पुरी झाली. मागची शिवण मारून होते न होते तोच रुचिराने कुंची ओढून घेतली. "दे गं लवकर, ही रडून घर डोक्यावर घेतेय!"

मी खिडकीत पडून होते, तिथून पाळणा दिसत होता. मित्रांनो, तुमच्याकडून मला मोठ्या अपेक्षा नाहीत. काम झालं की माझा स्क्रू सैल करा आणि कापड काढून ठेवा, नाहीतर त्याला कायमचा वळ पडतो. आणि कुठल्याही प्रांताचं भरतकाम हातात आलं, की वाहवा करण्याआधी ते पालथं करा. एवढंही जमणार नसेल, तर फोटो काढा आणि गप्प बसा.

जान्हवीने बाळाच्या कानात नाव सांगितलं. बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले. बाळ पाळण्यातून मांडीवर आणि मांडीवरून मांडीवर फिरलं. ज्याने त्याने कुंची पाहिली.

दुपारी रुचिराने कुंची उतरवली तेव्हा मागची शिवण बाहेरच्या अंगाला होती. बाळाला ती पूर्ण बारसंभर उलटी घातलेली होती. घरात एकतीस माणसं होती. एकाच्याही ते लक्षात आलं नव्हतं. त्या एकतिसांत जयंती होती.