खांदा, कंबर, गुडघा आणि कासव

मास्तरांनी उभा जन्म लोकांना गाडी शिकवण्यात घालवला होता, त्यामुळे गाडी चालवणाऱ्याच्या शेजारी स्वस्थ बसणं त्यांना कधी जमलंच नाही. साधी मांजर आडवी आली तरी त्यांचा पाय रिकाम्या जागेत ब्रेक दाबायचा. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण पायाला ते कोणी कळवलं नव्हतं.

अशा माणसाच्या सुनेला विजेवरची गाडी घ्यायची होती. तीही जुनी, दातांच्या डॉक्टरांनी वापरून सोडलेली.

सून घरोघर जाऊन लोकांचे आखडलेले सांधे सोडवायचं काम करायची. पेशंट तिला व्यायामताई म्हणत. ती त्यांना तोंडावर दादा, बाई, आजी म्हणे, मनात मात्र सांध्यांच्याच नावाने ओळखे. बेकरीवाला म्हणजे खांदा, निवृत्त मुख्याध्यापिका म्हणजे कंबर, आणि टेकडीच्या माथ्यावर मधमाश्या पाळणारी म्हातारी म्हणजे गुडघा. ढब्बू झाली आणि या तिघांकडची तिची फेरी बंद पडली. ढब्बू म्हणजे तिची लेक. दात अजून फुटायचे होते, पण गाल असे की हसली की डोळे कुठे जात ते शोधावं लागे.

आता दवाखान्याच्या मोठ्या बाईंचा निरोप आला होता. टेकडीकडची फेरी घेतेस की दुसरीला देऊ? सोमवारपर्यंत सांग.

फेरी हवी तर गाडी हवी. ढब्बू अजून अंगावर पीत होती, म्हणजे तिलाही बरोबर न्यायचं. घरातली पेट्रोलची गाडी मागच्या हिवाळ्यातच गचकली होती. मेकॅनिकने तिचं बॉनेट असं हळूच मिटलं, की बघणाऱ्याने डोक्यावरची टोपी काढावी.

नवरा बँकेत होता. तो म्हणाला, "नवी विजेची घेतली तर घर गहाण ठेवून आपल्याला अंगणात झोपावं लागेल. पेट्रोलची घेतली तर त्या चढावर तुझा सगळा पगार टाकीत ओतायचा. राहिली डॉक्टरांची."

"मग घेऊ या की."

"बॅटरी दमलीये म्हणतात. स्वस्त उगाच नाही. बाबांना विचार, गाडीतलं त्यांना कळतं."

हे म्हणजे बोक्याकडे उंदराबद्दल चौकशी करण्यासारखं होतं.

"ती गाडी नाही, मिक्सर आहे," मास्तर म्हणाले. "चाकं लावलेला. आवाज नाही, क्लच नाही, गिअर नाही. अगं, जिला गिअरच नाही, तिच्यात माणसाने शिकवायचं काय?"

सुनेला कळलं, खरी मेख इथे आहे. ती म्हणाली, "एक दिवस चालवून दाखवते बाबा. तिघांकडे जायचं आणि घरी यायचं. वाटेत कुठेही चार्जिंगची तार लावायची नाही. पोचले तर घ्यायची."

"आणि नाही पोचलीस तर?"

"तर बाईंना सांगते, दुसरीला द्या."

हे बोलताना तिचा आवाज थोडा घसरला, पण मास्तर तेव्हा ढब्बूच्या मुठीतून आपला चष्मा सोडवत होते.

"मी शेजारी बसणार. आणि सून म्हणून एक मार्क वाढवून मिळणार नाही, आधीच सांगतो."

डॉक्टरांनी शनिवारी गाडी दिली. किल्ली देताना सुनेला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "बाकी कशाची चिंता करू नका. फक्त हीटर लावू नका. पेट्रोलच्या गाडीत इंजिन तापलेलंच असतं, ऊब आयती मिळते. हिच्यात ती बॅटरीतून उपसावी लागते. हीटर म्हणजे बॅटरीला पडलेलं भोक समजा."

हे तिने मास्तरांना सांगितलं नाही. परीक्षकाला आपण होऊन आपलं कच्चं प्रकरण कोण दाखवतं?

सकाळ बोचऱ्या थंडीची होती. तिने ढब्बूला कोबीसारखं थरावर थर चढवून मागच्या सीटवर पट्ट्यांत बसवलं. गाडी निघाली ती अशी, की निघाली हे मास्तरांना फाटक मागे गेल्यावर कळलं.

"सुरू कर ना," असं ते त्याआधी दोनदा म्हणाले होते.

खांदा पिठाच्या हातांनीच दारात उभा होता. गाडीभोवती फेरी मारून म्हणाला, "छान आहे. पण मी चौथ्या मजल्यावर राहतो ताई. खिडकीतून तार सोडली तर खालची बाई तिच्यावर चादरी वाळत घालेल."

"ऐक, ऐक!" मास्तर खूश होऊन म्हणाले.

"तुमचं खरंय, तुम्हाला नाही जमायची," सून म्हणाली. "आमच्या अंगणात नळाशेजारी प्लग आहे, म्हणून हे धाडस. चला, हात वर करा."

"आई गं! एवढाच जातो."

"आत्ता चादरी दाखवताना तर छपरापर्यंत गेला होता."

मास्तर आणि ढब्बू गाडीतच थांबले. भट्टीशेजारी उभं राहून ती खांद्याचा हात फिरवत होती, तेवढ्यात तिचं खिडकीतून बाहेर लक्ष गेलं. लख्ख दिवसाउजेडी गाडीचे पुढचे दिवे जळत होते. मागचेही. कोरड्या काचेवर वायपर नाचत होते. आणि मास्तर चोरासारखं इकडेतिकडे बघून आणखी कुठलं बटण सापडतंय का ते चाचपत होते.

तिला क्षणात उलगडा झाला. मास्तरांच्या आयुष्यातल्या निम्म्या तक्रारी एकाच जातीच्या: दिवे चालू राहिले, सकाळी गाडी उठेना. त्यांच्या लेखी बॅटरी म्हणजे बॉनेटखालचा तो डबा, दोन दिव्यांत मान टाकणारा. म्हणजे परीक्षक स्वतःच पेपर फाडायला बसले होते!

ही गाडी ज्या बॅटरीवर अख्खी पळते, तिला त्या दिव्यांचं काय? हत्तीच्या पाठीवर माशी. सुनेने ओठ दाबून हसू गिळलं. धोपटू देत भुई. परत गाडीत बसताना पडद्यावरचा बॅटरीचा आकडा तिला वाटला होता त्याहून खाली दिसला, तेव्हा तिने मनातल्या मनात डॉक्टरांना दोन शब्द ऐकवले आणि गाडी पुढे काढली. भट्टीजवळून नुकतीच आली असल्याने तिला गाडीतली ऊब जाणवलीच नाही.

कंबरेकडे तासभर गेला. मुख्याध्यापिकाबाई पाठ सरळ ठेवत, पण व्यायामाला वाकडं उत्तर दिल्याशिवाय राहत नसत. "दहा वेळा सांगितलंस, मी पाच केले. पन्नास टक्के म्हणजे पास." त्या पालथ्या पडलेल्या असताना बाहेरून ढब्बूचं खिदळणं ऐकू आलं, पाठोपाठ रेडिओ, आणि मग हॉर्न. सुनेने पडदा बाजूला केला. वायपर डावीकडे गेला की मास्तर डावीकडे, उजवीकडे गेला की उजवीकडे. ढब्बू मागे हात आपटत होती. कटकारस्थानाचं आजोबांना आता भानच राहिलं नव्हतं.

तिला गंमत वाटली. गाडीचं दार उघडेपर्यंत.

आत भर उन्हाळा होता. ढब्बूच्या अंगावरचे कोबीचे सगळे थर उतरले होते, गाल लालबुंद. आणि आकडा पार तळाला टेकायला आलेला.

"बाबा, हीटर लावलात?"

"मग? पोरीचं नाक बर्फ झालं होतं. बेकरीपासून लावलाय. आणि हीटरला लागतं काय? इंजिनाची ऊब, फुकटची..."

बोलता बोलता ते थांबले. त्यांनी बॉनेटकडे बघितलं.

"हिला इंजिन..."

"नाही."

रेडिओ अजून गातच होता. मास्तरांनी तो बंद केला.

"आणि दिवे?" त्यांनी खाली बघत विचारलं.

"दिव्यांनी हिला गुदगुल्यासुद्धा होत नाहीत."

"वायपर?"

"अं हं."

"हॉर्न मी एकदाच वाजवला. म्हणजे, तिला आवडला म्हणून मग चारदा." त्यांनी मान वर केली. "थांब. तुला हीटरचं माहीत होतं?"

"डॉक्टर म्हणाले होते."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही परीक्षक होतात ना."

"लबाड विद्यार्थिनी!"

"आणि पेपर फाडणारे मास्तर!"

ढब्बूला वाटलं हे तिच्यासाठीच चाललंय. ती हसली, डोळे गायब झाले. पण सुनेला हसू येईना. पडद्यावरचा हिशोब सरळ होता: इथून मागे फिरलं तर घर गाठता येईल, टेकडी चढलं तर नाही. मागे फिरायचं म्हणजे सोमवारी फोन करायचा, आणि मग गुडघ्याकडे दुसरीच कोणी जाणार. ती म्हातारी सकाळपासून चहा टाकून वाट बघत असणार. सुनेने स्टिअरिंगवर हात ठेवले आणि तशीच बसून राहिली. आपल्याशिवाय कोणाचं अडत नाही हे तिला ठाऊक होतं. तिचंच त्या टेकडीवाचून अडत होतं.

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. मग त्यांनी हीटर बंद केला, खाली उतरले, अंगातला लोकरी कोट काढला आणि मागच्या सीटच्या पट्ट्यांवरून ढब्बूला हनुवटीपर्यंत गुंडाळलं. स्वतः पातळ स्वेटरवर, हात काखेत घालून पुन्हा शेजारी येऊन बसले.

"चल वर."

"बाबा, आकडा बघा."

"आकडा सपाट रस्त्याचा आहे. चढ चढतो तेव्हा माणूस उतार साठवत असतो. चल म्हणतो ना. आणि असं पाय आपटून दाबू नकोस, अंड्यावर पाय ठेवल्यासारखं."

चढ त्यांनी असा चढवून घेतला, की ढब्बूची मानही हलली नाही.

वर गुडघा दारातच होती. "आलीस कधी? माझ्या माश्यांनासुद्धा पत्ता नाही." मग तिने थंडीने निळे पडलेले मास्तर पाहिले. "गाडी दमली असेल तर तार लाव की माझ्या पडवीतून."

"नाही!" सून आणि सासरे एकदम म्हणाले.

म्हातारीने गुडघा वाकवला, जितका वाकेल तितका, आणि ढब्बूच्या गालाला बोट लावून विचारलं, "पुढच्या आठवड्यात येणार ना गं?"

"येणार," मास्तर म्हणाले. त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

उतार लागला. सवयीने सुनेने ब्रेककडे पाय नेला.

"हात! म्हणजे पाय! ब्रेकला शिवायचं नाही. नुसता पाय उचल."

तिने उचलला. कोणीतरी मागून पदर धरावा तशी गाडी हळू झाली, आणि उतारावर फिरणाऱ्या चाकांची वीज बॅटरीत परत जाऊन आकडा एकाने वर चढला. मास्तर पुढे वाकले. पुढच्या वळणावर पुन्हा एकाने.

"अगं, हे तर खालच्या गिअरवर उतरणं! जन्मभर मी हेच कोकलत आलो: उतारावर ब्रेक चावू नका, गाडीलाच गाडी धरू द्या. कोणी ऐकलं नाही. आणि ही... हिला तर ऐकल्याचा मोबदला मिळतोय!" त्यांनी स्वतःचा पायही जमिनीपासून वर धरला होता आणि पायथ्यापर्यंत तो खाली टेकवला नाही. "आता वळण. आधीच सोड. अजून आधी. शाब्बास!"

सुनेला लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्या तोंडून शाब्बास मिळालं होतं, आणि तिला डोळे पुसायलाही स्टिअरिंग सोडता येत नव्हतं.

पण सपाट रस्ता तो सपाटच. घराच्या अलीकडच्या चौकात पडद्यावर बॅटरी संपत आल्याची खूण, छोटंसं पिवळं कासव, उमटलं आणि गाडी रांगू लागली. एक सायकलवाला पुढे गेला. दोन पिशव्या घेऊन चालणारी एक बाई बराच वेळ बरोबरीने चालली. शेवटी तिलाच अवघडल्यासारखं झालं.

"हसू नकोस," मास्तर दात वाजवत म्हणाले. "इंडिकेटर दे."

"बाबा, या वेगाला?"

"वेग असो नसो, वळायचं तर सांगून वळायचं."

टिकटिक करत, कासवासकट, गाडी फाटकातून आत शिरली आणि नळाशेजारी थांबली. आपण होऊन थांबली की सुनेने थांबवली, हे दोघांनीही तपासलं नाही.

नवरा धावत आला. "किती उरली?"

सून तोंड उघडणार, तोच मास्तर खिडकी अडवून उभे राहिले. "निम्मी! निम्मी शिल्लक आहे. कोट धर. पोरीला घे. आणि तार आण आधी, उगाच प्रश्न विचारत बसू नकोस."

तेवढ्यात डॉक्टरांचा फोन आला. तोही मास्तरांनीच घेतला, आणि त्यांचा आवाज एकदम आजारी झाला.

"डॉक्टर, ही गाडी दिलीत की कासव? नाही हो, खरंच कासव लागलं पडद्यावर! लोक पायी पुढे जात होते. हीटर लावायची सोय नाही, मी गारठून अर्धा झालोय. तुमच्याच भाषेत सांगतो, बॅटरी म्हणजे हलणारा दात आहे. आता हलणाऱ्या दाताला कोणी भाव देतं का?"

"बाबा, आत्ताच तर निम्मी म्हणालात!" नवरा तार हातात घेऊन उभा.

मास्तरांनी फोनवर तळहात दाबला. "ते घरचं होतं. हे बाजारचं आहे. मध्ये बोलू नकोस, किंमत उतरतेय."

सून ढब्बूला कडेवर घेऊन अंगणाच्या कोपऱ्यात गेली. सोमवारपर्यंत तिला दम निघणार नव्हता. तिने मोठ्या बाईंना फोन लावला.

"बाई, टेकडीची फेरी मी घेते. हो, गाडी मिळाली. म्हणजे मिळतेय, बोलणी चालू आहेत. लेक बरोबर असेल. आणि आणखी एक माणूस येईल." तिने मागे पाहिलं. डॉक्टरांशी भांडताना मास्तर मोकळ्या हाताने गाडीचं छत थोपटत होते. "नाही, त्यांना पगार नको. शेजारी बसून चुका सांगायला मिळाल्या की झालं."