मोटेवरचं ग्रीक

ज्या साली छबुबाईचं लग्न झालं आणि वऱ्हाडाच्या गाड्या करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर दिवसभर अडकून पडल्या, ते साल फसली तेराशे एकवीस. इंग्रजी हिशेबानं एकोणीसशे बारा. त्याच पावसाळ्यात तिचा भाऊ उत्तरेश्वर निजामाच्या मोगलाईतल्या कडा गावाहून निघाला आणि इंग्रजी हद्दीत, नगरच्या एका मिशन कॉलेजात दाखल झाला. वसतिगृहात फुकट जागा मिळाली, पण अटीवर. पाद्री साहेबांच्या ग्रीकच्या वर्गाला कुणी बसत नव्हतं. तिथं बसायचं आणि दिवाळीनंतरच्या परीक्षेत पास व्हायचं. नाहीतर गाठोडं उचलून घरी.

शाळेत त्याची उर्दू झाली होती, इंग्रजी अर्धीकच्ची. ग्रीकचं पुस्तक मात्र इंग्रजीत. आंधळ्यानं पांगळ्याला वाट पुसावी तशी गत. एकेका क्रियापदाला सहा-सहा शेपट्या. सकाळी घोकलेलं दुपारी उडून जाई. नगरची पोरं म्हणत, “मोगलाईच्या डोक्यात ग्रीक कसलं टिकतंय? घरंगळून खाली येतंय.”

दिवाळीच्या सुट्टीत वडिलांनी, आसारामनं, त्याला मिरचीच्या मळ्यात विहिरीच्या मोटेवर उभं केलं. बैल धावेच्या उतारावरून खाली निघाले की तो म्हणे, “लुओ, लुएइस, लुएइ.” मोट रिकामी होऊन बैल मागं सरू लागले की, “लुओमेन, लुएते, लुऊसी.” जे तीन महिन्यांत जमलं नव्हतं ते मोटेवर जमलं.

“काय म्हणतुयास रं?” आसारामनं विचारलं.

“ग्रीक हाय, आबा. लुओ म्हंजे मी सोडतो.”

“काय सोडतो?”

“कायबी न्हाई. नुसतं सोडतो.”

“दावं न्हाई, बैल न्हाई, आन् सोडतो? मग शिकतूस कावून?”

उत्तरेश्वरानं रागानं कासरा हिसडला आणि पुन्हा ‘लुओ’पासून सुरू केलं.

परीक्षेत साहेबांनी नेमकं मधलंच विचारलं. ‘ते सोडतात’ याला काय? उत्तरेश्वराला पहिल्यापासून धरल्याशिवाय काही येईना, आणि पहिल्यापासून धरायचं तर पाय हलले पाहिजेत. बाकाखाली पाय चालू लागले. पोरं फिदीफिदी हसली. साहेब म्हणाले, “पाय थांबवा.” पाय थांबले आणि डोकंही थांबलं. साहेबांनी दुसऱ्यांदा विचारलं. मग वहीत त्याच्या नावापुढं नापास लिहिलं.

आठवड्याच्या आत तो पुन्हा मळ्यात उभा होता. तोंड शिवल्यासारखं बंद. मोट रिकामी झाली, पण बैल धावेच्या तळाशी ठाम उभे. मागं सरेनात. त्यानं चाबूक ओढला तरी नाही.

“म्हण की रं ते तुझं,” आसाराम म्हणाला.

“न्हाई म्हणत.”

“त्येंचा काय गुन्हा? सवय तूच लावलीस.” आसारामनं कासरा आपल्या हाती घेतला. “लुओमेन, लुएते, लुसी.” बैल निमूट मागं सरले.

“लुसी न्हाई, आबा. लुऊसी,” उत्तरेश्वर वसकन बोलला.

बोलला आणि जागीच खिळला. “ते सोडतात. सायबांनी ह्येच तर इचारलं हुतं,” तो पुटपुटला.

“मंग तिथं कावून न्हाई सांगितलंस?”

त्यानं चाबूक खाली टाकला आणि बांधावर जाऊन पाठमोरा बसला. वर्गात पुन्हा जाणं नव्हतं, आणि आता हे शब्द काही केल्या डोक्यातून जाईनात.

आसाराम पुढंही मोटेवर ‘लुसी’च म्हणत राहिला. उत्तरेश्वरानं परत दुरुस्त केलं नाही. फसली तेराशे अठ्ठावीसच्या, म्हणजे एकोणीसशे अठराच्या, मानमोडीच्या तापाच्या साथीत, दिवाळीनंतर लगेच, आसाराम कड्यालाच मेला.