गल्लीत पहिला नंबर

मिस्त्रीच्या हातात कला होती आणि घरात बायकोचा खोकला. कला बापाकडून आली, हे सगळ्यांना ठाऊक. खोकला कुठून आला, हे मात्र कुणी विचारलं नव्हतं.

तीस वर्षं मिस्त्री रोज संध्याकाळी फर्निचरच्या कारखान्यातून गोणीभर लाकडी ढलप्या आणि तुकडे खांद्यावर घेऊन यायचा. गल्ली चढणीची, पायऱ्यापायऱ्यांची; गॅसची गाडी वर चढत नसे. म्हणून सगळ्या गल्लीत चुलीच. इतर बायका जळणासाठी वणवण करायच्या आणि हिच्या दारात सरपण चालत यायचं.

"घे, तुझा राजवाडा तापव," म्हणून तो गोणी उतरवायचा.

"पॉलिश केलेलं लाकूड जाळते मी," ती हसायची. "राजाच्या घरी तरी एवढी चैन असेल का?"

त्या तुकड्यांना सरस लागलेला असायचा, रंग असायचा. पेटले की ज्योत निळी पडायची आणि धूर डोळ्यांना विंचवासारखा डसायचा. स्वयंपाकघराला एकच खिडकी, तीही शेजारच्या भिंतीवर उघडणारी. पावसाळ्यात ओलावलेलं लाकूड धुमसू लागलं की ती वाकून फुंकणीत जीव ओतायची. देव प्रत्येकाला श्वास मोजून देतो म्हणतात. त्या माउलीने त्यातले निम्मे चुलीला वाहिले, आणि तेही हसतमुखाने.

आता मात्र तीन पायऱ्या चढली की ती चौथीवर बसायची. डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि मिस्त्रीला कळेल अशा भाषेत सांगितलं, "भाता फाटलाय. ठिगळ मी लावतो, पण धूर थांबला तरच ते टिकेल."

धूर थांबायचा कसा? तर देवाने वाट दाखवावी तशी एक दिवस आरोग्यसेविका गल्लीत आली. बिनधुराच्या दहा शेगड्या आल्या होत्या आणि घरं होती अठ्ठावीस. ज्या घरात धूर जास्त, तिथे शेगडी आधी. तो मोजायला तिच्याकडे डबीएवढं एक यंत्र होतं.

"काकू, हे दोन दिवस गळ्यातच ठेवायचं. फक्त आंघोळीला काढायचं. झोपताना उशाशी. कळलं?"

"कळलं हो ताई. दागिना मिळाला म्हणायचा म्हातारपणी!"

संध्याकाळी ती चुलीवर वाकली, तशी ती डबी ज्वाळेवर लोंबू लागली. मिस्त्री दारातून ओरडला, "अगं, अगं! काजळी बसेल त्यावर. काढ आधी!"

"काढू नका म्हणालीय ती."

"आंघोळीला काढ म्हणाली ना? मग पाण्याला जपायचं आणि धुराला नाही, असं कुठं असतं? परक्याचं हत्यार आहे ते. माझा रंधा कुणी चुलीपाशी नेला तर मी त्याचा हात मोडेन."

युक्तिवाद बिनतोड होता. तिने डबी स्वच्छ फडक्यात गुंडाळली आणि बाहेर पडवीतल्या फळीवर ठेवली. दोन दिवसांत चार वेळा चूल पेटली, चारही वेळा डबी बाहेर मोकळी हवा खात बसली. रांधून झालं की ती हात धुऊन पुन्हा गळ्यात घालायची. तळहाताच्या फोडासारखं जपलं दोघांनी ते यंत्र. माणसाचं असंच आहे बघा, उसनी वस्तू जपतो आणि स्वतःचा श्वास वाऱ्यावर सोडतो.

महिन्याने नळाजवळच्या भिंतीवर मोजणीच्या निकालाचा कागद लागला. इस्त्रीवाली शेजारीण धावतच आली. "वहिनी, तुमचं घर पहिलं! सगळ्यात स्वच्छ हवा!"

"बघितलंत?" बायको पायरीवर बसूनच म्हणाली. तिचे डोळे लकाकत होते. "आता शेगडी पहिली आपल्याला."

मिस्त्री दवाखान्यात गेला. आरोग्यसेविकेने वही मिटली. "काका, हवा स्वच्छ म्हणजे शेगडी शेवटी. रोज खोकणाऱ्या काकूंच्या घरात धूर नाही कसा? यंत्र कुठे होतं?"

त्याने सांगितलं. तिने मिटलेली वही पुन्हा उघडली.

"पुढच्या खेपेआधी मी पुन्हा मोजते. पण शेगड्या वाटून झाल्या. पुढची खेप वर्षाने."

घरी येऊन त्याने बायकोला सारं सांगितलं. तोंड लपवायला जागा नव्हती. ती फसकन हसली. "म्हणजे पहिला नंबर त्या फळीचा आला म्हणा की!" हसता हसता खोकत सुटली. श्वास स्थिरावल्यावर त्याचा हात धरून म्हणाली, "गल्लीत सांगू नका हं. जन्मात एकदा नाव निघालंय माझं."

त्या दिवसापासून चूल त्याने घेतली. ती बाहेरच्या पायरीवर बसून शिकवायची, "फुंका, भांडू नका तिच्याशी!" डोळे चुरचुरायचे, घसा जळायचा. तीस वर्षं खांद्यावरून आपण काय वाहून आणलं, ते त्याला तेव्हा कळलं. पण तिच्या छातीत आता ठिगळ लावायलाही कापड उरलं नव्हतं. वर्ष भरायच्या आत, एका दुपारी, "मीठ टाकलंत का?" एवढं विचारून ती पायरीवरच कलंडली.

तिसऱ्या दिवशी बायका भेटायला आल्या. इस्त्रीवाली डोळे पुसत म्हणाली, "नशीब बघा. धुराने गेली म्हणावं तर हिचं घर गल्लीत सगळ्यात स्वच्छ. धुराबिराने काही होत नसतं. उगाच घाबरवतात."

कोपऱ्यातल्या घरची सून तान्ह्याला थोपटत होती. पोराची छाती घरघरत होती. "मग मी नाही शेगडीसाठी नाव देत यंदा," ती म्हणाली. "सासूबाई पण तेच म्हणतात."

मिस्त्रीने पायरीकडे पाहिलं. गेलेल्या माणसाने एकच गोष्ट मागितली होती, आणि ती त्याच्या ओठांवर कुलपासारखी बसली होती. पोर पुन्हा घरघरलं.

"खोटं आहे ते," तो म्हणाला. "आमच्या घरात गल्लीत सगळ्यात जास्त धूर होता. यंत्र मी बाहेर ठेवायला लावलं. तिचा पहिला नंबर खोटा होता." आणि तो लहान मुलासारखा हुंदके देऊन रडू लागला.

मग इस्त्रीवाली खाली बघत पुटपुटली, "भावजी... आम्हीही ते कपड्यांच्या कपाटात ठेवलं होतं. डाग पडेल म्हणून." दुसरीने मान खाली घातली. तिसरीनेही.

सून तान्ह्याला घेऊन उठली. "काका, उद्या मला ताईंकडे घेऊन चला."

"उद्या कशाला?" मिस्त्रीने डोळे पुसले. "दवाखाना अजून उघडा असेल. चल."

तो पुढे, ती मागे, असे दोघं पायऱ्या उतरू लागले. मागे घरात बायका आता त्याच्या बायकोच्या पहिल्या नंबराऐवजी तिच्या धुराबद्दल बोलत होत्या. ते त्याला ऐकू येत होतं. त्याने मागे वळून पाहिलं नाही. मनात बायकोला म्हणाला, रागाव माझ्यावर, पण आज ऐकून घे.