तोंड मिटलेला फोटो

तेराव्याला लावायला आईचा फोटो हवा होता आणि आमच्याकडे तिचा तोंड मिटलेला एकही फोटो नव्हता. कॅमेरा समोर आला की ती सूचना द्यायला लागायची. "अहो, मागच्या बायका येतायत का? त्या बद्रीनाथला पुढे घ्या, नुसतं कपाळ दिसतंय त्याचं." बाकी सगळे श्वास रोखून उभे आणि ही बोलतेय.

शेवटी एका लग्नातला ग्रुप फोटो वारज्याच्या नियाजभाईंच्या स्टुडिओत दिला. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्क्रीन आमच्याकडे वळवली. आईच्या खांद्यावरचा मामीचा हात गेला होता, मागे निळं आकाश आलं होतं आणि आईचे ओठ मिटलेले होते.

"तोंड बंद केलंय, मॅडम."

"आम्हाला कधी जमलं नव्हतं ते."

शकूमावशी, आईची धाकटी बहीण, बरोबर होती. "छान दिसतेय. शांत."

"मावशी, ही आई आहे?"

"अगं, हार घालायचाय त्याला. उघड्या तोंडाला कोण नमस्कार करतं?"

स्क्रीनवरची बाई सुरेख होती, समंजस होती. बँकेच्या रांगेत तिने मला पुढे जाऊ दिलं असतं. पण आमची ओळख नव्हती. फोटो क्षण थांबवतो म्हणतात. खरं तर "रेडी" म्हटल्यावर आपणच थांबतो, फोटो त्याचा पुरावा ठेवतो. आई थांबायचीच नाही, त्यामुळे कॅमेऱ्याला तिच्यामागे धावावं लागायचं. त्या धावपळीत जे हाती लागलं, तेवढंच आता माझ्याकडे होतं. तिचा आवाज मी हळूहळू विसरणारच आहे. त्या कामात मला नियाजभाईंची मदत नको होती.

"हात काढलेला राहू दे," मी म्हटलं. "आकाशही असू दे हवं तर. तोंड होतं तसं करा."

"दात दिसतील, मॅडम."

"तिचेच आहेत."

मावशी घरापर्यंत माझ्याशी बोलली नाही.

तेराव्याला तिनेच हार घातला आणि दोन पावलं मागे सरून बराच वेळ फोटोकडे पाहत राहिली.

"हार वाकडा आहे म्हणतेय बघ," ती म्हणाली. मग पुढे होऊन तिने हार नीट केला. "बरं, अक्का. बरं."