डोमाजीच्या नावाचा मीटर

मित्रांनो, मी एक जुना वीजमीटर आहे, आणि खरं सांगायचं तर आता थकलो आहे. तेलुगू मुलखातल्या गुडीहत्नूरला बसथांब्यापासून आत वळलं की एक पत्र्याचं शटर लागतं. त्याच्या बाजूला, ओसरीच्या भिंतीवर, लाकडी फळीला मी टांगलेला आहे. माझ्या काचेआड एक पातळ चकती आहे. घरात दिवा लागला की ती फिरते, पंखा लागला की जरा जोरात फिरते. फिरायचं आणि आकडे पुढं ढकलायचे, एवढंच माझं काम. तीस वर्षं झाली, सुट्टी मिळाली ती फक्त लाईन गेल्यावर.

मला इथं आणलं डोमाजीनं. पुढच्या खोलीत त्याचं फवारणीचे पंप दुरुस्त करायचं दुकान होतं, आणि मागं तो नि त्याची बायको मनकर्णाबाई राहत. जोडणी त्याच्याच नावावर झाली. दसऱ्याला पान्हे आणि पक्कड पूजेला मांडली की माझ्यावरही हळदकुंकवाचं बोट लागे. "हा आपल्या दुकानाचा कारभारी हाय," असं तो गिऱ्हाइकांना सांगे. कौतुक करून घ्यायला मला आवडायचं, लपवत नाही. कापसावर फवारणी सुरू झाली की दुकानात उभं राहायला जागा नसे.

सहा वर्षांपूर्वी डोमाजी गेला. तेरा दिवस माणसं येत होती, पंखे चालू होते, मी धावत होतो. चौदाव्या दिवशी सगळी पांगली आणि संध्याकाळी मनकर्णाबाईनं एकच दिवा लावला. तेवढ्या दिव्यावर माझी चकती इतकी हळू चाले, की बघणाऱ्याला ती थांबलीच आहे असं वाटावं. शटर बंद झालं. माझ्या काचेवर धूळ बसली, फळीमागं पालीनं घर केलं. कुणी फडकंसुद्धा मारलं नाही.

चंपत मात्र कधी चुकला नाही. हा बिलं काढणारा माणूस. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात येतो, माझे आकडे त्याच्या यंत्रात घालतो, यंत्रातून तेलुगूतली लांब चिठ्ठी निघते, आणि ती बघून तो आत हाक मारतो, "डोमाजी, बिल." यंत्रात नाव तेच, म्हणून हाकही तीच. मनकर्णाबाई बाहेर येऊन बिल घेते. तिला अक्षर वाचता येत नाही, पण एकही बिल ती टाकत नाही, तारेत ओवून खिडकीशी टांगते. बाई नेटकी आहे, एवढंच मला तेव्हा वाटायचं.

यंदा पोळा झाल्यावर मयूरी आली. ती तलमडुगूकडची, घरची बोली मराठी, शाळा तेलुगूत झालेली. सरकारी कचेरीच्या आवारात टेबल टाकून ती मराठी माणसांना तेलुगू कागद वाचून दाखवी, त्यांच्या अर्ज्या लिहून देई. त्यावरच तिचं घर चालायचं. मग नवे साहेब आले. आवारात कुणी बसायचं नाही, म्हणाले. धंदा करायचा तर जागा घ्या, पंचायतीचा परवाना काढा. महिन्याची मुदत दिली. मयूरीला डोमाजीचं दुकान पसंत पडलं आणि मनकर्णाबाईला मयूरी. पाच मिनिटांत बोलणं झालं. मला वाटलं, आता शटर उघडेल.

कसलं उघडतंय. मयूरी पंचायतीत जाई आणि परत येऊन माझ्याखालच्या पायरीवर बसे. कधी फोटो जुना निघाला, कधी घरपट्टीची पावती राहिली. भाड्याचा करार साध्या कागदावर चालत नाही, हे तिला करार दिल्यावर सांगितलं. पाचव्या खेपेला ती आली तेव्हा चपला काढायचंही त्राण तिच्यात नव्हतं.

"मावशी, घरपट्टी तुमच्या नावानं हाय, करार तुमचा हाय. पण करंटाचं बिल काकाच्या नावानं येते. पंचायतीतले सार म्हणते, मेलेल्या माणसाच्या बिलावर परवाना नाई भेटत. नाव बदलाचा अर्ज देल्ल्याची पावती आणा म्हणते."

"मंग देऊन टाक ना माय अर्ज," मनकर्णाबाई म्हणाली. मुदतीचे सहा दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी मयूरी अर्ज भरूनच घेऊन आली. शाईची डबी उघडली, मनकर्णाबाईनं अंगठा बुडवला. मित्रांनो, तेवढ्यावर काम झालं असतं. पण मयूरी म्हणाली, "थांबा मावशी, आधी आयका," आणि तिनं अर्ज पहिल्या ओळीपासून मराठीत सांगायला घेतला. शेवटी शेवटी एक ओळ होती. "पह्यल्या गिऱ्हाइकाचं नाव कायमचं काढून टाकावं, याले माही हरकत नाई."

"कायमचं?"

"असंच लिवलं हाय, मावशी."

मनकर्णाबाईनं शाईचा अंगठा पदराला पुसला. "मंग मी नाई देत. राशनकार्डातून त्याले काढलं, मतदानाच्या यादीतून काढलं. आता चंपत येते अन् महिन्यातून एक डाव घरात त्याच्या नावाची हाक येते. तेवढीच राह्यली. तेबी काऊन पुसता?"

ती तार कशासाठी होती, हे मला त्या दिवशी कळलं.

मयूरीनं वाद घातला नाही. डबी बंद केली. तिचा भाऊ पंकज गाडी घेऊन थांबला होता, तो चिडला. "काऊन वाचत बसली तू? अंगठा घेतला असता तं काम झालं असतं."

"मी लोकायले काय सांगते? आयकल्याबिगर अंगठा देऊ नका, हेच सांगते. अन् मावशीचाच तसा घेऊ?"

दोघं निघून गेली. मला राग आला, दोघींचाही. इतकी वर्षं कुणी विचारलं नाही, आता कुणी विचारायला आलं तर एका शब्दावर अडलं. गेलेल्या माणसाचं नाव वाहून वाहून मीही कंटाळलो होतो.

चार दिवस कुणी आलं नाही. मनकर्णाबाई ओसरीवर बसून तारेतली बिलं सरकवत राहायची. पाचव्या दिवशी सकाळी तिनं शेजारच्या पोरीकडून मयूरीला फोन लावून घेतला, आणि ती आल्यावर म्हणाली, "वाच पुन्यांदा."

मयूरीनं वाचलं. त्या ओळीशी आल्यावर तिचा आवाज बारीक झाला, पण 'कायमचं' हा शब्द तिनं गाळला नाही. मनकर्णाबाईनं अंगठा उमटवला.

"तू ते नसतं वाचलं तं मले कळलंबी नसतं," ती म्हणाली. "माह्या दारात असं माणूस बसलं पाह्यजे."

मुदत संपायच्या दिवशी पावती जोडली गेली आणि परवाना मिळाला. शटर उघडलं. आता आत ट्यूबलाईट आहे, छापायचं यंत्र आहे, आणि या वयात मला पुन्हा पळावं लागतं. पाय दुखतात म्हणावं तर पाय नाहीत. मला काढून नवा मीटर लावायचं ठरलं आहे, पण तो अजून आलेला नाही.

परवा चंपत आला. चिठ्ठी निघाली, ती बघून तो जरा थांबला आणि मग त्यानं हाक मारली, "मनकर्णाबाई, बिल."

आतून कुणी आलं नाही. त्यानं पुन्हा हाक मारली. या गावात ती चाळीस वर्षं डोमाजीची बायको होती, नंतर मावशी झाली. तिच्या नावानं दारात हाक कधी आलीच नव्हती. तिसऱ्या हाकेला ती बाहेर आली, बिल घेतलं आणि मयूरीपुढं धरलं.

"काय लिवलं?"

"मनकर्णाबाई."

"आखीन एक डाव वाच."

मयूरीनं वाचलं. मनकर्णाबाई रडली, आणि मग बिल घेऊन आत गेली.

मित्रांनो, माझी काच पुसू नका, मला आता त्याचं काही नाही. पण तुमच्या घरात कुणाला वाचता येत नसेल, तर त्याच्यासमोर आलेला कागद त्याला पूर्ण वाचून दाखवा. जी ओळ तुमचं काम अडवेल, ती तर नक्कीच वाचा.