दारापुढच्या घिरट्या

मित्रांनो, मी एक जुने कुलूप आहे, पण मला लोखंड नाही आणि किल्लीही नाही. रुग्णवाहिका पाठवणाऱ्या केंद्रातल्या संगणकाच्या कर्नलमध्ये, म्हणजे साऱ्या यंत्राचा कारभार हाकणाऱ्या प्रोग्रामच्या गाभ्यात, माझा मुक्काम असतो.

कोणती गाडी कुठे आहे, ते मेमरीच्या एका कोपऱ्यात लिहिलेले असते. तिथे एका वेळी एकानेच हात घालायचा, नाहीतर एकच गाडी दोन रुग्णांकडे धाडली जायची. म्हणून एक काम आत असले की बाकीच्यांना मी दाराशी अडवतो.

मला घडवले एका इंजिनिअर बाईंनी. त्यांचा धाकटा भाऊही त्यांच्याच खोलीत काम करी आणि त्यांना ताई म्हणे. तेव्हा यंत्राला कामे करणारे प्रोसेसर दोनच. एक आत गेला की दुसरा दारापुढे घिरट्या घालत ‘झाले का, झाले का’ विचारत राही. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच दार उघडे. काम बाजूला ठेवून झोपायचे आणि दार उघडल्यावर कोणी उठवायचे, त्यापेक्षा हे बरे पडे. माझे फार कौतुक होई.

मग चौसष्ट प्रोसेसरांचे नवे यंत्र आले आणि माझे दिवस फिरले. एक आत, बाकी सारे बाहेर गरगर फिरताहेत. कधी तर दुसऱ्या एखाद्या कामासाठी आतल्याचेच काम मध्येच थांबवले जाई, तरी बाहेरच्यांच्या घिरट्या चालूच. यंत्र तापले, कामे तुंबली.

एका सकाळी एका माणसाचा फोन आला. त्याच्या वडिलांना श्वास घेता येत नव्हता. फोन घेणाऱ्या मावशींच्या पडद्यावर गाडीचा नंबर येईना. शेवटी त्यांनी खिडकीतून अंगणातल्या ड्रायव्हरला हाक मारली. म्हातारबाबा वाचले. मावशी मात्र तडक ताईंच्या खोलीत आल्या.

“आज हाकेवर भागलं,” त्या म्हणाल्या. “उद्या अंगणात गाडी नसली तर?”

“हे कुलूपच काढून टाकू या,” भाऊ म्हणाला. मी हादरलो.

“आणि एकच गाडी दोन घरी पाठवू?” ताई म्हणाल्या. “काढायचं काही नाही. आधी मोजू.”

शेजारच्या रिकाम्या यंत्रावर त्यांनी मला तपासायला घेतले. घिरट्या साफ बंद करून सगळ्यांना झोपवले, तर उठवण्यातच वेळ जाऊ लागला.

“आगीतून फुफाट्यात आलो, ताई.”

“आलो तर आलो. फुफाटा किती तापलाय तेही मोजू.”

मग घिरट्यांना मर्यादा घातली. गर्दी कमी असताना जमले, वाढताच पुन्हा तीच गत. भाऊ खुर्चीत मागे रेलला. ताई आकडे पाहत राहिल्या.

“आतला खरंच काम करतोय का, हे बाहेरच्याला दिसतच नाही,” त्या हळूच म्हणाल्या. “ते दाखवू या.”

आता माझा नवा नियम असा: आतला काम करत असेल, तर रांगेतल्या पहिल्यानेच घिरट्या घालायच्या, मागच्यांनी झोपायचे. आतल्याचे काम थांबवलेले असेल, तर पहिल्यानेही झोपायचे.

नियम लागू झाला त्या दिवशी ताई मावशींच्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या. फोन वाजला. मावशींनी पत्ता टाकला आणि मान वर न करता म्हणाल्या, “नंबर आला. गाडी निघाली.” पुढचा फोन त्यांनी लगेच उचलला.

मित्रांनो, एखादी जुनी वस्तू नव्या ओझ्याखाली अडखळली, तर तिला मोडीत काढण्याची घाई करू नका. ती कुठे अडते ते शांतपणे पाहा, आणि पहिला उपाय फसला म्हणून हात टेकू नका. उद्या यंत्र आणखी वाढेल. तेव्हा मला पुन्हा तपासायला घ्या. मी तयार आहे.