मायाबाईंचा मोगरा
मनीषनगरात मोनाली शेजारी राहायला आली, गच्चीवर कुंड्या मांडून बसली आणि मायाबाईंच्या कपाळावर जी आठी पडली ती पडलीच. एप्रिलच्या उन्हात पोरीने नर्सरीतून आणावं काय, तर पिटुनिया. थंडीतलं झाड ते. आठवडाभरात माना टाकून मोकळं झालं. मग तिने पांढरी सदाफुली लावली. "नालीच्या काठाले उगवते ते. त्याची काय बाग करून राहिली," असं मायाबाईंनी नवऱ्याला, प्रेमानंदांना सांगितलं, पण मोनालीला नीट ऐकू जाईल इतक्या आवाजात.

मायाबाईंची बाग म्हणजे एकच मोगरा. सासूबाईंनी, तुळसाबाईंनी, लावलेला. दर बुद्धपौर्णिमेला विहारात पहिली ओंजळ याच मोगऱ्याची पडायची. सासूबाई गेल्या, तरी तो मान मायाबाईंनी कुणाकडे जाऊ दिला नव्हता. कुंडीजवळ रासायनिक खताचा कण फिरकत नसे. शेणखत, निंबोळी पेंड, संत्र्याच्या सालींचं आंबवलेलं पाणी. आणि या उन्हाळ्यापासून, पाणी वाया जाऊ नये म्हणून, कुलरच्या टाकीत उरलेलं पाणी.

पण मोगरा पिवळा पडू लागला. पानांच्या कडा करपल्या, कळ्या उमलण्याआधीच गळायला लागल्या. मायाबाईंनी निंबोळी अर्क फवारला, आंबट ताक फवारलं. मोनालीने कठड्यावरून विचारलं, "काकू, मातीत काही झालं का?"

"माती काय राहते, ते तू मले शिकवशील का वं?" मायाबाई म्हणाल्या. पोरगी गुमान आत गेली आणि मायाबाईंना बरं वाटलं.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी प्रेमानंद कुलरचा पंप घासत बसले होते. पंपावर पांढरा, खरबरीत थर जमला होता. "बोअरचं पाणी खारं," ते म्हणाले. "पाणी उडून जाते अन् मीठ टाकीत राहते."

मोगऱ्यासाठी भरलेली बादली मायाबाईंच्या हातातच राहिली. कुंडीतल्या मातीवरही तसाच पांढरा थर होता. त्याला त्या आजवर शेणखताची बुरशी समजत आल्या होत्या. त्यांनी नखाने खरवडून जिभेला लावलं. खारट. सासूबाईंचा मोगरा आपण आपल्याच हाताने, तोऱ्यात, मीठ चारून मारला. हे त्या शेजारच्या पोरीच्या हातून झालं असतं तर किती सोपं होतं, असंही मनात येऊन गेलं.

पौर्णिमेच्या सकाळी मोगऱ्याला एक फूल नव्हतं. मायाबाई रिकाम्या हाताने दाराबाहेर पडल्या, तर समोर मोनाली, हातात ताटभर पांढरी सदाफुली घेऊन.

"काकू, मोगरा दिसला नाई म्हणून आणली. विहारात न्या."

मायाबाईंनी तिच्याकडे न बघता ताट घेतलं. नालीच्या काठची ती फुलं दव पडल्यासारखी टवटवीत होती, याचाच त्यांना राग आला.

"अन् काकू, तुमचं पाहून मीबी आजपासून कुलरचंच पाणी टाकणार आहे झाडायले. बादली भरून ठेवली."

गप्प राहिलं तर पुढच्या पौर्णिमेला त्या गच्चीवर काडी उरणार नव्हती. मायाबाईंना मोह झाला, चांगलाच झाला. त्या दोन पायऱ्या उतरल्या आणि थांबल्या.

"टाकू नोको."

"काहून, काकू?"

"तुह्या झाडायले नाई झेपत ते," मायाबाई म्हणाल्या, आणि सदाफुलीचं ताट दोन्ही हातांनी सांभाळत, मान ताठ ठेवून जिना उतरल्या.